जीभ दाताला लागली पाहिजे

आपल्याकडे कुणाचे आभार मानायचे म्हटले की आधी सतरंज्या घालाव्या लागतात, अध्यक्ष बोलवावा लागतो, आणि सगळ्यात शेवटी, लोक चपला शोधायला उठल्यावर, कुणीतरी सेक्रेटरीनं घाईघाईनं ते मानायचे असतात. घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. आईनं वाढलेलं ताट चाटूनपुसून साफ केलं की तिला काय ते समजतं. शेजारणीनं लोणचं दिलं तर वाटी रिकामी परत करू नये, एवढं कळलं की झालं. 'थँक्यू' हा शब्द मला माहीत होता. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, मुलांकडून घोकूनही घ्यायची. पण या एका शब्दानं माणसाची साल काढता येते, हे मात्र धंतोलीत नानासाहेब गावंड्यांच्या घरी भाड्यानं राहायला गेल्यावर कळलं.

नाना रेल्वेतून रिटायर झालेले. उंच, ताठ, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा पायात मोजे. मूळचे नरखेडकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचं पोर, पण अंगावर त्या गावाची धूळ म्हणून कुठं दिसायची नाही. 'मले', 'तुले' त्यांनी जिभेवरून खरवडून काढलं होतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बंगला स्वतः बांधलेला, मागच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. अंगणात नळ होता आणि नळाच्या खड्ड्यावरच्या झाकणाला कुलूप. सकाळी नाना किल्ली घेऊन यायचे, कुलूप काढायचे आणि बाजूला हात मागे बांधून उभे राहायचे. बादली भरली की मी निघणार, तेवढ्यात आवाज यायचा, "हं?"

पहिल्या दिवशी मला कळलंच नाही. मी म्हटलं, "काही राहिलं का?"

"काय म्हणायचं असतं?"

मी म्हटलं, "ठँक्यू." पाणी सरकार सोडत होतं, भाडं आम्ही देत होतो, आणि थँक्यू नाना घेत होते.

"तुम्ही टीचर ना? मग 'ठ' काय म्हणता? जीभ दाताला लागली पाहिजे. लागली पाहिजे, आपटली नाही पाहिजे." असं म्हणून त्यांनी स्वतःची जीभ दातांच्या मधून जराशी बाहेर काढून दाखवली. पंचावन्न उलटलेला माणूस सकाळी सात वाजता नळापाशी मला जीभ दाखवत होता आणि मी बादली खाली ठेवून ती पाहत होते. घरात येऊन ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. मीही हसले. तेव्हा हसायला येत होतं.

या शब्दाचं नानांचं एक शास्त्र होतं. पोस्टमनला थँक्यू म्हणायचं नाही, त्याला पगार मिळतो. मोलकरणीला नाही, डॉक्टरला नाही, त्याला फी मिळते. देवाला नाही, त्याला कळत नाही. ज्याचा हात वर असेल त्याला खालच्यानं म्हणायचं. हे सगळं ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून, येईल त्याला समजावून सांगत. आणि त्यानंतर साहेबाची गोष्ट ठरलेली असे. त्यांचा एक गोरा साहेब होता. एकदा इटारसीच्या फलाटावर वाऱ्यानं साहेबाची हॅट उडाली. नाना रुळांत उडी मारून ती घेऊन आले. साहेबानं हॅट झटकली आणि म्हणाला, "थँक्यू, गावंडे." एवढीच गोष्ट. ती सांगताना नानांच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणजे त्या साहेबानं वरच्या हातानं खालच्याला थँक्यू म्हटलं होतं आणि नानांचं सगळं शास्त्र तिथंच मोडत होतं, पण हे त्यांना कोण सांगणार? आयुष्यात एकदा मिळालेला तो शब्द त्यांनी जपून ठेवला आणि पुढं कुणाला म्हणून दिला नाही. मी तरी त्यांच्या तोंडून तो कुणासाठी निघालेला ऐकला नाही.

एक रिक्षावाला तेवढा त्यांना पुरून उरला. स्टेशनवरून आणलं, नानांनी ठरल्यापेक्षा कमी पैसे हातावर टेकवले आणि 'हं?' करून थांबले. त्यानं पैसे पाहिले, नानांकडे पाहिलं. "साहेब, एक तं पैसे कमी देऊन राहिले, अन् वरून हे काहून मागता गा?" असं म्हणून घंटी वाजवत निघून गेला. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. आमच्या गल्लीनं मात्र त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले.

थंडीत नरखेडहून संत्र्यांची टोपली यायची. रविवारी सकाळी नाना ती टोपली व्हरांड्यात मांडत आणि गल्लीतल्या पोरांची रांग लावत. एकेकानं पुढं यायचं, जीभ दातांत धरून शब्द म्हणायचा, बरोबर आला तर संत्रं. माझा बंड्या तेव्हा पहिलीत. समोरचे दोन्ही दात पडलेले. त्याची जीभ सरळ बाहेरच यायची आणि नुसती फुस्स हवा निघायची. पोरं खिदळली. नानांनी हातातलं संत्रं परत टोपलीत ठेवलं आणि म्हणाले, "दात आले की ये."

बंड्या घरी येऊन रडला नाही. आरशासमोर उभा राहून हिरड्यांना जीभ लावत बसला. मी बाजारातून शेरभर संत्री आणली, त्यानं एकही खाल्लं नाही. नाना मला तेव्हापासून आवडेनासे झाले. पण आमचं काय, आम्ही भाडेकरू. आज ना उद्या जाणार होतो. खरी अडकलेली होती ती सरूबाई.

सरूबाई नानांची थोरली बहीण. नवरा विहिरीवरच्या पंपाचा करंट लागून गेला तेव्हा सासरच्यांनी तिला आणि उशिरा झालेल्या तिच्या मंदाला एका गाठोड्यासकट एसटीत बसवून दिलं होतं. नानांनी तिला ठेवून घेतलं. घरात धुणं, भांडी, स्वयंपाक सगळं सरूबाई. धान्याच्या कोठीची किल्ली नानांच्या कमरेला. संध्याकाळी ते कोठी उघडून तांदूळ, पीठ, तेल मोजून तिच्या हातात देत. ती "ठँकू" म्हणे. मग ती रांधे, वाढे, नाना जेवून उठत आणि काहीही न बोलता हात धुवत. मग मायलेकी जेवायला बसल्या की नाना मुद्दाम स्वयंपाकघरावरून जात आणि त्यांच्या पाठीमागं थांबत. "हं?" दोघी घास हातात धरून म्हणत. सरूबाईचा 'ठ' काही केल्या 'थ' होत नसे. नाना म्हणत, "पुन्हा." ती पुन्हा म्हणे. भिंतीपलीकडून मला हे रोज ऐकू यायचं आणि माझ्या हातातली पोळी करपायची.

एकदा मी न राहवून तिला विचारलं, "अहो, रांधता तुम्ही, वाढता तुम्ही, आणि म्हणताही तुम्हीच?"

ती अंगणात भांडी घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "म्हनलं तं अंगाले भोकं पडतेत काय, बाई? पोरगी मॅट्रिक होऊ दे. तिचं एक झालं का मंग पाहू." मग थोड्या वेळानं स्वतःशीच हसली. "मीनंच तं मोठा केला याले. माय वावरात जाये, अन् मी याले कडेवर घेऊन जवारीच्या कण्या चारू. मी शाळेत नाही गेली, ते याच्यापायी. कण्या खाऊन असा ढेकर दे का बस! तवा कुठं ठँकू म्हने?"

कण्या त्या घरात नानांनी बंद केल्या होत्या. गरिबाचं खाणं म्हणून.

मंदा आईसारखी नव्हती. उंच, सावळी, बोलायला कमी, पण डोळे असे रोखून पाहायचे की समोरच्यानं पदर सारखा करावा. शाळेत हुशार होती. म्हणायची तीही, पण असं म्हणायची की जणू कुणी तिच्या तोंडातून ओढून काढतंय. आणि उच्चार? अगदी स्वच्छ. नानांना त्यात काही काढता येत नसे, याचाच त्यांना राग असावा.

ती मॅट्रिकच्या वर्गात असतानाचा दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला नानांचे ऑफिसातले जुने मित्र जमले होते. सरूबाई आत भजी तळत होती, मी मदतीला गेले होते. चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले तेव्हा नाना मंदाला हाक मारत होते. "आमची भाची. हिला मी शिकवतो." मग टेबलावरचं एक कापड उचलून त्यांनी तिच्या हातात दिलं. "घे. सणाचं. ब्लाऊज शिव."

हिरव्या जमिनीवर मोठमोठी पिवळी फुलं. मागं खिडकीला तोच पडदा लटकत होता. महिन्यापूर्वी नवे पडदे केले होते, त्यातलं उरलेलं कापड. आलेल्या माणसांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे.

"हं?" नाना म्हणाले.

मंदानं कापडाची घडी उलगडली.

"काय म्हणायचं असतं?"

"हे पडद्याचं हाये, मामा," मंदा म्हणाली. आवाज शांत होता. कुणीतरी फिस्सकन हसलं.

नानांचा चेहरा लाल झाला आणि इतक्या वर्षांची घासूनपुसून ठेवलेली भाषा एका क्षणात गळून पडली. "तुले जमत नसन तं उद्यापासून शाळा बंद! मायलेकी बिस्तरा बांधा अन् सकाळच्या एसटीनं नरखेडले चालत्या व्हा!"

आतून सरूबाई धावत आली. हाताला बेसन तसंच. "ठँकू," ती म्हणाली. "ठँकू, नाना."

"तिला म्हणू दे."

"तिच्या वाट्याचं मी म्हनतो ना गा. पोर हाये थे."

नाना खुर्चीत मागं टेकले. राग उतरला होता. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. "ठीक आहे," ते पुन्हा शुद्ध भाषेत आले. "पण नीट. जीभ बाहेर काढ. दाताला लाव."

साठीला टेकलेली बाई, डोक्यावर पदर, समोर परके पुरुष. तिनं जीभ बाहेर काढली. "ठ." "पुन्हा." "ठँ." "पुन्हा. जीभ दिसली पाहिजे मला." तिनं पदर जरा पुढं ओढला, पण नानांनी तोही मागं घ्यायला लावला, उच्चार दिसत नाही म्हणून. पाहुणे चहाच्या कपात पाहत होते. मला तो ट्रे नानांच्या टाळक्यात घालावासा वाटत होता. शेवटी कधीतरी तिची जीभ दाताला लागली आणि तो शब्द तिच्या तोंडून बरोबर बाहेर पडला. एका पाहुण्यानं टाळी वाजवली. त्या माणसाचं पुढं काय झालं मला माहीत नाही, पण चांगलं झालं नसावं अशी मी अजून आशा धरून आहे.

मंदा सगळं पाहत उभी होती. रडली नाही. तिनं त्या कापडाचं ब्लाऊज शिवलं आणि तेच घालून मॅट्रिकच्या प्रत्येक पेपरला गेली. नानांना वाटलं पोर सुधारली.

ती पास झाली, नर्सिंगच्या ट्रेनिंगला नंबर लागला. जायच्या दिवशी रिक्षा फाटकाशी उभी, पत्र्याची पेटी तिच्यात ठेवलेली. नाना फाटकाला आडवा हात लावून उभे. कशाची वाट पाहत होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. मंदा त्यांच्यासमोर आली, वाकली नाही, सरळ डोळ्यांत पाहून म्हणाली, "थँक्यू, मामा. थँक्यू व्हेरी मच." जीभ अशी दाताला लागली की त्या गोऱ्या साहेबानंही हॅट काढावी. नानांनी हात काढला. "पाहा, याला म्हणतात उच्चार!" ते मला म्हणाले. रिक्षा वळली. मंदा त्या घरात पुन्हा पाऊल टाकायला आली नाही, नानांच्या पंचाहत्तरीलाही नाही.

पुढं तिला मौद्याकडच्या दवाखान्यात नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळालं. ती आईला निरोपावर निरोप पाठवायची, एकदा तर स्वतः गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली आणि मला आत पाठवलं. मी म्हटलं, "सरूबाई, झालं ना आता पोरीचं? निघा की इथून."

सरूबाई तांदूळ निवडत होती. "जाईन ना," ती म्हणाली. "नाना एकटा पडन."

मला तिचा संताप आला. काही बायकांच्या पाठीला कणा देताना देवाचा हात आखडतो, असं काहीतरी मी मनात म्हटलं आणि बाहेर जाऊन मंदाला सांगितलं. मंदा चप्पल रस्त्यावर घासत उभी राहिली आणि मग बस स्टँडकडे गेली.

आम्ही पुढं प्रतापनगरला स्वतःचं घर बांधून गेलो. निघताना नळाची शेवटची बादली भरली. नाना होतेच. तोवर त्यांचे सगळे दात गेले होते आणि सीताबर्डीच्या एका डॉक्टरकडून त्यांनी कवळी करून घेतली होती. तिच्यामुळं 'थ' उलट जास्त जोरात यायचा, कटकन आवाज होऊन. रात्री नाना ती चिनी मातीच्या वाडग्यात पाण्यात ठेवत आणि सकाळी उठल्याबरोबर आधी बसवत. तोंड धुण्याच्याही आधी, असं सरूबाई सांगायची.

मग काही वर्षांनी कळलं की नानांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, अंथरुणाला खिळले. गल्लीतल्या जुन्या ओळखीच्या बायका भेटल्या की एकच बोलायच्या. अशी बहीण मिळायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं, बाई. इतकं छळलं त्यानं तिला, तरी पाहा, तीच करून राहिली सारं. पाठीला एक जखम नाही, चादरीला एक डाग नाही. मीही मान डोलवायची. मनात वाटायचं, ही बाई शेवटी देवमाणूसच निघाली आणि आपण उगाच तिला नावं ठेवली.

एका दुपारी मी भेटायला गेले. पुढच्या खोलीतच नानांचा पलंग लावला होता. खोली खरोखरच लखलखीत होती. नाना उशांना टेकवून बसवलेले, गळ्यात टॉवेल बांधलेला. अंग आटून गेलं होतं, गाल आत गेले होते. पायात मोजे मात्र होते, स्वच्छ धुतलेले. खिडकीला अजून तेच हिरवे पडदे, उन्हानं फुलं पांढरी पडलेली. सरूबाई पलंगाच्या कडेला स्टुलावर बसली होती. तिची पाठ वाकली होती, पण कमरेला कोठीच्या किल्ल्या लटकत होत्या.

"ये वं, बस," ती म्हणाली. "याचं जेवन चालू हाये. बंड्या कसा हाये?"

"बरा आहे. भिलाईला असतो."

"त्याले संत्रं नव्हतं भेटलं त्या साली," ती म्हणाली. "जाताना घेऊन जा. टोपली भरून हाये आत."

तिला ते आठवत होतं, याचं मला नवल वाटलं. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत ताकातल्या कण्या. समोरच्या फडताळावर चिनी मातीचा वाडगा होता. पाण्यात कवळी होती.

मी म्हटलं, "दात नाही लावले त्यांना?"

"लावले तं चावते मले." ती हसली. मीही हसले.

मग तिनं चमचा भरला आणि नानांच्या तोंडाजवळ नेला. नानांनी तोंड उघडलं. चमचा ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला.

मला वाटलं कण्या गरम असतील.

"दे ना वं, बाई," नाना म्हणाले. शब्द लडबडत बाहेर आले, पण कळत होते. ते सगळं इंग्रजी, ती सगळी शुद्ध भाषा लकव्यानं नेली होती. नरखेडचं पोरगं तेवढं उरलं होतं. "भूक लागली."

"हं?" सरूबाई म्हणाली.

नळापाशी ऐकलेला तोच सूर होता.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग फडताळाकडे पाहिलं. मग त्यांची जीभ हळूहळू बाहेर आली आणि जिथं दात असायचे तिथं चाचपडत राहिली. नुसती फुस्स हवा निघाली.

"पुन्हा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाळण्यातल्या पोराशी बोलावं तसा मऊ होता. "जीभ दाताले लागली पाह्यजे, नाना."

त्यांनी पुन्हा केलं. डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून टॉवेलात जिरलं.

"सरूबाई," मी म्हटलं, "द्या हो त्यांना."

"देतो ना, बाई. उपाशी नाही ठेवत मी." तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "चारच्या टाइमाले चहाबी देतो."

तिसऱ्यांदा काहीतरी 'ह' आणि 'कू'सारखं बाहेर आलं. सरूबाईनं ते मान कलती करून ऐकलं, जरा विचार केला आणि चमचा त्यांच्या तोंडात घातला. हनुवटीवर सांडलेलं पदरानं हळूच पुसलं. नानांनी घास गिळला. वाटी अजून भरलेलीच होती. तिनं दुसरा चमचा भरला, तोंडाजवळ नेला, आणि तो पुन्हा तिथंच थांबला.